धडक मारणारा डिफेन्समन पहिल्या राउंडमध्ये घ्यावा का?

निळी_रेष

आइस हॉकीतल्या एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टबद्दल (संघ पाळीपाळीने, राउंडवार तरुण खेळाडू निवडतात त्याबद्दल) विचारायचं आहे. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी पहिल्या क्रमांकावर मॅथ्यू शेफर घेतला आणि त्याच रात्री १७ व्या क्रमांकावर बॅरी कोल्ट्स या ज्युनिअर संघाचा केशॉन एचिसन. दोघेही डिफेन्समन (बचावपटू), पण जातकुळी वेगळी. शेफरचा खेळ स्केटिंगवर उभा आहे, एचिसन अंगावर जातो. एचिसनच्या धडकांच्या क्लिपा सगळीकडे फिरत होत्या. त्याच मोसमात त्याने २६ गोलही केले, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नव्हतं.

तर ज्युनिअरमधल्या हिट्सच्या (अंगाने मारलेल्या धडकांच्या) आकड्याला किती किंमत द्यायची? ६ फूट ५ इंच उंच, दणकट, पण पास जेमतेम देणारा पोरगा पहिल्या राउंडमध्ये घ्यावा की दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत थांबावं? आणि मॅच बघताना नेमकं काय टिपायचं?

तिसरी_जोडी

सगळा घोळ हिट्सच्या आकड्यापासूनच सुरू होतो, म्हणून आधी तेच. पक (खेळाची रबरी चकती) ज्याच्याकडे आहे, त्याच खेळाडूवर हिट मारता येते. म्हणजे एखाद्याच्या नावावर ढीगभर हिट्स असतील, तर तो बर्फावर असताना पक बराच वेळ समोरच्या संघाकडे होता असाही त्याचा अर्थ निघतो. शिवाय हिट मोजणारा माणूस असतो आणि प्रत्येक रिंकचा माणूस वेगळा. एका ठिकाणी जी हिट धरतात ती दुसरीकडे नुसता धक्का म्हणून सोडून देतात. म्हणून आकडा बघायचाच असेल तर घरच्या आणि बाहेरच्या मॅचेसचा वेगवेगळा काढा. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर तो आकडा बाजूला ठेवा.

डिफेन्समनचा कस धडकेच्या आधी लागतो. समोरचा फॉरवर्ड पक घेऊन मधल्या झोनमधून येतो तेव्हा डिफेन्समन उलटं स्केटिंग करत मागे सरकत असतो. रिंकच्या मधल्या लाल रेषेपाशी दोघांत दोन स्टिकांचं अंतर चालतं, पण आपल्या निळ्या रेषेवर (जिथून आपला बचावाचा झोन सुरू होतो) ते एका स्टिकवर आलं पाहिजे. जास्त राहिलं तर फॉरवर्ड आरामात आत शिरतो आणि डिफेन्समनलाच आडोसा करून शॉट मारतो. फार कमी राहिलं तर बगल देऊन निसटतो. या काळात स्टिक एका हातात, पातं बर्फावर आणि पकच्या रेषेत हवं. अंग रिंकच्या मधल्या बाजूला ठेवायचं, म्हणजे फॉरवर्डला बोर्डकडे (रिंकच्या कडेच्या भिंतीकडे) वळण्यावाचून पर्याय उरत नाही. कबड्डीत बचावपटू चढाईपटूला डॅश मारण्याआधी त्याची आतली वाट बंद करतो ना, तेच इथे. वाट बंद झाली की धडक आपोआप जमते: गुडघे वाकलेले, कोपर अंगाशी, दोन्ही स्केट बर्फावर, खांदा छातीत.

आणि मग पुढचे तीन सेकंद बघा. पक कुणी उचलला? धडक मारणारा लगेच वळून पकवर गेला, की बोर्डला टेकून पडलेल्याकडे बघत राहिला? क्लिप नेमकी इथेच कापलेली असते, त्यामुळे क्लिपवरून हे कधीच कळत नाही.

ज्युनिअरमधली एक चूक पुढे फार महाग पडते. डिफेन्समन मोठी हिट मारायला मधल्या झोनपर्यंत झेपावतो. ओएचएल या ज्युनिअर लीगमध्ये १६ ते २० वर्षांची मुलं एकत्र खेळतात, त्यामुळे मान खाली घालून येणारा १६ वर्षांचा पोरगा त्याला सापडतो आणि प्रेक्षक उभे राहतात. एनएचएलमधला फॉरवर्ड तीच झेप येताना बघतो, पक बोर्डवरून त्याच्या मागे सोडतो आणि पुढे आपल्याच गोलीवर (गोलरक्षकावर) दोघे चालून येतात, अडवायला एकच डिफेन्समन उरतो. म्हणून लागलेल्या हिट्सइतक्याच चुकलेल्या झेपाही मोजा.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी: मागे टाकलेला पक परत आणणं. समोरच्या संघाने पक आपल्या कोपऱ्यात टाकला, डिफेन्समन वळून त्याच्या मागे निघाला आणि फोरचेकर (पक हिसकायला धावून येणारा विरोधी खेळाडू) पूर्ण वेगात पाठीवर येतोय. पकपर्यंत पोचण्याआधी त्याने खांद्यावरून किती वेळा मागे पाहिलं? निदान दोनदा हवं. पहिल्यांदा माणूस कुठे आहे ते कळतं, दुसऱ्यांदा तो कुठल्या बाजूने येतोय ते. जो बघत नाही तो पकपाशी थांबतो, तोंड बोर्डकडे करतो आणि मार खातो, किंवा घाबरून बोर्डवरच्या काचेला आपटून पक झोनबाहेर ढकलतो. तो पक परत समोरच्यांकडेच जातो आणि आपला संघ पुन्हा बचावात अडकतो.

सवय लावायला साधी पद्धत. एकाच खेळाडूच्या तीन मॅच घ्या: एक घरची, एक बाहेरची, एक तगड्या संघाविरुद्धची. नजर फक्त त्याच्यावर ठेवा, पकवर नको. डिफेन्समन जोडीने खेळतात; पहिल्या, म्हणजे सर्वांत जास्त खेळवल्या जाणाऱ्या जोडीत असेल तर एका मॅचमध्ये साधारण २५ शिफ्ट (बर्फावर उतरण्याच्या पाळ्या) मिळतात. वहीत तीन रकाने करा. त्याच्या बाजूने आपल्या झोनमध्ये झालेला समोरच्यांचा प्रत्येक प्रवेश (पक घेऊन आत आला, पक आत टाकावा लागला की रेषेवरच अडला), कोपऱ्यातून आणलेला प्रत्येक पक (पास जोडीदाराच्या स्टिकवर गेला की वाया गेला) आणि प्रत्येक हिटनंतर पक कुणाकडे गेला. तीन मॅचनंतर तो मुलगा तुमच्यापुढे स्पष्ट उभा राहतो.

सातवा_राउंड

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पहिल्या राउंडबद्दल माझं मत आणखी ठाम आहे: नुसत्या अंगकाठीवर आणि दणकेबाजीवर पहिल्या राउंडचा पिक (निवडीची संधी) खर्चू नये.

२०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी १० व्या क्रमांकावर डिलन मॅकिलरथ घेतला. ६ फूट ५ इंच, मूस जॉ वॉरियर्सकडून खेळणारा, मारामारीला सदा तयार. १२ व्यावर कॅम फाउलर गेला, १६ व्यावर व्लादिमिर तारासेन्को. मॅकिलरथचे हात आणि खांदे एनएचएलचे होते, पण पाय त्या वेगाचे नव्हते, आणि रेंजर्सच्या संघात त्याची जागा कधीच पक्की झाली नाही.

२०१२ चा ड्राफ्ट तर पहिल्या दहात ८ डिफेन्समन असलेला. आयलंडर्सनी चौथ्या क्रमांकावर ग्रिफिन राइनहार्ट घेतला, तोही उंची आणि भरवशाचा बचाव बघून. पाठोपाठ ५ व्यावर मॉर्गन रायली, ६ व्यावर हॅम्पस लिंडहोम, ९ व्यावर जेकब ट्रूबा. राइनहार्ट एनएचएलमध्ये एकूण ३७ सामने खेळला. त्याच्यासाठी २०१५ मध्ये एडमंटनने १६ वा आणि ३३ वा पिक दिला, आणि त्या १६ व्या पिकवर आयलंडर्सनी मॅथ्यू बार्झल घेतला. याच यादीतला ट्रूबा बघा. धडका त्याच्याही जबरदस्त, पण त्याला बर्फावर जास्त वेळ मिळाला तो स्केटिंगमुळे आणि शॉटमुळे.

मधला प्रकारही असतो. २००८ मध्ये टोरंटोने ५ व्या क्रमांकावर ल्यूक शेन घेतला. तो १००० हून अधिक सामने खेळला, टाम्पाबरोबर २०२० आणि २०२१ चे दोन स्टॅनले कप (एनएचएलची विजेतेपदं) जिंकला. फार चांगली कारकीर्द, पण बरीचशी तिसऱ्या जोडीतली. त्याच वर्षी एरिक कार्लसन १५ व्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता.

याउलट झ्डेनो चारा १९९६ मध्ये ५६ वा गेला, शे वेबर २००३ मध्ये ४९ वा. ब्रेडन मॅकनॅब (२००९) आणि राद्को गुडास (२०१०) दोघेही ६६ वे. जॉश मॅन्सन २०११ मध्ये १६० वा. दणकट डिफेन्समन दुसऱ्या-तिसऱ्या राउंडमध्ये सापडतो. पहिल्यात तो घ्यायचा तर दणकटपणा वरकड असावा, मूळ भांडवल नव्हे.

उजवा_हात

इथे मला थोडं अडवावंसं वाटतं. चारा, वेबर, गुडास ही नावं आठवतात कारण ते टिकले. त्याच राउंडमध्ये त्यांच्यासारखेच उंच, दणकट म्हणून घेतलेले कितीतरी जण एकही सामना न खेळता गेले. "नंतर मिळतोच" हे एका नावावर पैज लावताना खरं नसतं.

दुसरं, कुठल्या हाताने खेळतो ते बघा. उजव्या हाताचे डिफेन्समन कमी असतात. डावा हात उजव्या बाजूला खेळवला तर बोर्डवरून येणारा पक त्याला बॅकहँडवर (स्टिकच्या पात्याच्या उलट्या बाजूवर) घ्यावा लागतो, आणि दबावाखाली तिथेच पक सुटतो. म्हणून ६ फूट ६ इंचाचा, उजव्या हाताचा रादिम मर्त्का २०२५ मध्ये बफेलोकडे ९ व्या क्रमांकावर गेला यात मला काही वावगं वाटत नाही. २०१९ मध्ये डेट्रॉइटने मोरित्झ झायडर ६ व्या क्रमांकावर घेतला तेव्हा भल्याभल्यांनी भुवया उंचावल्या होत्या. २०२२ मध्ये तो कॅल्डर करंडक (सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार) घेऊन गेला.

झायडरमध्ये वेगळं काय होतं? ड्राफ्टच्या वर्षी तो मानहाइममध्ये जर्मन लीगच्या मोठ्या माणसांत खेळत होता. पोरांना पाडणं आणि ३० वर्षांच्या, ९५ किलोच्या माणसाला बोर्डवर धरून ठेवणं यांत फार फरक आहे. त्याची उलटी हिटही अभ्यासण्यासारखी आहे: पक स्वतःकडे असताना, फोरचेकर भिडायच्या क्षणी गुडघे वाकवून, कंबर खाली नेऊन तोच आधी खांदा देतो. पक त्याच्याकडेच राहतो आणि फोरचेकर बसतो. ती हिट लागण्यासाठी आधी मागे बघावं लागतं, म्हणजे तिसरी_जोडी यांचा मुद्दा पुन्हा आलाच.

आणि प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) अंगकाठी लागते. २०२३ मध्ये कप जिंकलेल्या वेगासचे सहा डिफेन्समन (पिएट्रँजेलो, थिओडोर, मॅकनॅब, मार्टिनेझ, हेग, व्हाइटक्लाउड) सगळे ६ फूट १ इंच किंवा त्याहून उंच.

सातवा_राउंड

@उजवा_हात, वेगासचं उदाहरण उत्तम, पण त्या सहांत पहिल्या राउंडचे दोनच: पिएट्रँजेलो ४ था, थिओडोर २६ वा. दोघेही पक खेळवणारे. हेग ३४ वा, मॅकनॅब ६६ वा, मार्टिनेझ ९५ वा आणि व्हाइटक्लाउडला तर कुणी ड्राफ्टमध्ये घेतलंच नव्हतं. झायडरबद्दल मात्र पूर्ण मान्य.

निळी_रेष

खूप उपयोग झाला, वही काढली आहे. आणखी दोन शंका. एनएचएलच्या सेंट्रल स्काउटिंगच्या (ड्राफ्टआधीच्या क्रमवारीच्या) यादीत १२ वा असलेला मुलगा प्रत्यक्षात तीसच्या पुढच्या क्रमांकावर जातो, असं का? आणि कंबाइनच्या (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांच्या) निकालांवरून दणकट डिफेन्समनबद्दल काही कळतं का?

तिसरी_जोडी

त्या याद्या वेगवेगळ्या असतात. उत्तर अमेरिकेतले स्केटर, बाहेरचे स्केटर आणि गोलीही वेगळे. तुमचा १२ वा उत्तर अमेरिकेतला १२ वा आहे. मध्ये स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकियाचे खेळाडू मिसळले की तो सहज खाली सरकतो.

कंबाइन बफेलोला होते आणि तिथे स्केटिंग नसतंच. सायकलवरची ३० सेकंदांची विंगेट (ताकदीची चाचणी), व्हीओटू मॅक्स (दमाची चाचणी), पकड, पुल-अप्स, उड्या. आपला प्रश्न पायांचा आहे आणि पायांबद्दल तिथे अर्धंच कळतं. एखादा मुलगा उड्यांत आणि विंगेटमध्ये चांगला पण बर्फावर संथ असेल, तर ताकद आहे, तंत्र कच्चं आहे. ते स्केटिंग कोचकडून सुधारू शकतं. दोन्हीकडे संथ असेल तर जपून.

यादीपेक्षा जन्मतारीख आधी बघा. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण होणारे त्या वर्षी पात्र. शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा, म्हणजे आणखी ११ दिवसांनी जन्मला असता तर २०२६ च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. उलट ऑक्टोबरमध्ये जन्मलेला मुलगा त्याच ड्राफ्टमध्ये जवळपास अकरा महिन्यांनी मोठा असतो. १७-१८ व्या वर्षी तेवढ्या काळात पाच-सहा किलो स्नायू सहज चढतात. दणकट वाटणारा डिफेन्समन नुसता वयाने मोठा आहे का, हे त्यातून उमगतं.

उजवा_हात

युरोपातल्या मुलांबद्दल एक भर. एनएचएलचा रिंक ८५ फूट रुंद, म्हणजे साधारण २६ मीटर. युरोपात बऱ्याच ठिकाणी अजून ३० मीटरचे रिंक आहेत. फॉरवर्डला बोर्डकडे वळवायचं अंतर वाढतं, त्यामुळे तिथे चांगला डिफेन्समनसुद्धा कमी हिट्स मारतो. त्याच्याबाबतीत हिट्सचा रकाना जवळजवळ रिकामा ठेवून बाकीच्या दोन रकान्यांवरच मत बनवा.

आणि पेनल्ट्या नुसत्या मोजू नका, कशासाठी मिळाल्या ते वाचा. बोर्डवर उशिरा पोचल्यामुळे पाठीमागून ढकलणं, उडी मारून भिडणं, डोक्याला लागणं या पायांच्या चुका आहेत. माणूस एक पाऊल मागे असतो म्हणून त्या होतात. डोक्याच्या धडकेबद्दलचा ४८ वा नियम २०१०-११ पासून आहे आणि पुढच्याच मोसमात तो आणखी रुंद केला गेला. धडकांसाठी गाजलेला जुना डिफेन्समन स्कॉट स्टीव्हन्स याच्या काळातल्या काही धडका आज मारल्या तर निलंबन ठरलेलं. रफिंगच्या (धक्काबुक्कीच्या) दोन मिनिटांच्या शिक्षेची मला फारशी काळजी वाटत नाही. ज्याच्या कागदावर मोसमभर बोर्डिंग (बोर्डवर धोकादायक ढकलणं) आणि चार्जिंग (धावून किंवा उडी मारून भिडणं) दिसतं, त्याच्या बाहेरच्या मॅचची पहिली पाच मिनिटं लावा आणि कोपऱ्याकडे निघताना त्याची पहिली तीन पावलं बघा. तिथे तो मागे पडत असेल तर दुसऱ्या राउंडमध्येही मी त्याला घेणार नाही.