मदत हवी आहे : 'प्रेझेंटली' म्हणजे सध्या की थोड्या वेळाने?

हळदवाला (सांगली) : लंडनच्या खरेदीदाराच्या पत्रात 'प्रेझेंटली' हा शब्द आला आहे. मुलगा म्हणतो अर्थ 'सध्या'. शब्दकोशात मात्र 'थोड्याच वेळात' असाही अर्थ आहे. राजापुरी हळदीची गाडी भरायची की थांबायचे, हे त्यावर ठरणार असल्याने कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ : पूर्ण वाक्य द्या. क्रियापद पाहिल्याशिवाय अर्थ सांगता येणार नाही.

अजिंक्यतारा (सातारा) : यात संशय कसला? अर्थ 'सध्या' हाच. आमच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक अर्जात 'आय ॲम प्रेझेंटली वर्किंग' असेच असे आणि साहेबांनी त्यात कधी चूक काढली नाही.

कृष्णाकाठ : ती चूक नाहीच. अमेरिकेत, स्कॉटलंडमध्ये आणि आपल्याकडे तो अर्थ रूढ आहे. परंतु पत्र लंडनहून आले आहे.

पाचवडकर : उत्तर लिहिताना 'करंटली' वापरावे, म्हणजे गोंधळ होत नाही.

कृष्णाकाठ : अहो, त्यांना आलेले पत्र समजून घ्यायचे आहे.

निवृत्त शिक्षिका (मिरज) : या शब्दाचे मूळ लॅटिन 'प्रेसेन्स', म्हणजे समोर हजर असलेले. त्यामुळे जुन्या इंग्रजी लेखनात 'प्रेझेंटली' म्हणजे 'ताबडतोब' असा अर्थ सापडतो. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये एरिअल 'प्रेझेंटली?' असे विचारतो, तेव्हा पापणी लवते न लवते तोच, असे उत्तर मिळते. पुढे लोक 'ताबडतोब' म्हणत राहिले आणि उशीर करत राहिले, तसा शब्द 'थोड्या वेळाने'कडे सरकला. 'सून' आणि 'अनॉन' हे शब्दही एके काळी 'तत्काळ' याच अर्थाचे होते. आपल्याकडे 'आलोच' म्हणणारा माणूस किती वेळाने येतो, ते आठवून पाहा. 'सध्या' हा अर्थही नवा नाही. तोही काही शतकांपासून चालत आला आहे, त्यामुळे अजिंक्यतारा यांना चुकीचे ठरवण्याचे कारण नाही.

अजिंक्यतारा : बाई, धन्यवाद, मी तेच म्हणत होतो.

हळदवाला : इतिहास नंतर वाचतो, हमाल खोळंबले आहेत. वाक्य असे : 'वी शॅल कन्फर्म द ऑर्डर प्रेझेंटली.'

कृष्णाकाठ : हे आधी द्यायला हवे होते. 'इज' किंवा 'आर' असते तर 'सध्या' हा अर्थ लागला असता; येथे 'शॅल' आहे, म्हणजे ऑर्डर लवकरच पक्की करू, असे ते कळवत आहेत. ती अजून पक्की झालेली नाही. गाडी भरू नका.

अजिंक्यतारा : वाक्य पाहिल्यावर मलाही हे पटते. तरीही 'लवकरच' म्हणजे कोणत्या तारखेला, ते लेखी मागवून घ्यावे.