लघवीचा पिवळा रंग: मधला टप्पा आतड्यातला

कुणी म्हणेल की रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य मूत्रपिंडातून गाळलं जातं, म्हणून लघवी पिवळी. अर्धं बरोबर आहे. सुरुवात बिलिरुबिनपासूनच होते. साधारण १२० दिवस जगून तांबड्या पेशी मोडीत निघाल्या की त्यांच्यातल्या हीमपासून (हिमोग्लोबिनमधल्या लोह असलेल्या भागापासून) ते बनतं. पण धडधाकट माणसाच्या लघवीत बिलिरुबिन जवळपास नसतंच. ते यकृतातून पित्ताबरोबर आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचं युरोबिलिनोजेन करतात, जे चक्क रंगहीन असतं! त्यातलं थोडं परत रक्तात शोषलं जाऊन मूत्रपिंडात पोचतं आणि ऑक्सिडीकरण झालं की पिवळं युरोबिलिन तयार. लॅबमध्ये सकाळचा नमुना डबीत तसाच उजेडात पडून राहिला तर गडद होतो, त्यात या ऑक्सिडीकरणाचाही हात असतो.

गंमत म्हणजे युरोबिलिन एकोणिसाव्या शतकापासून माहीत असूनही बिलिरुबिनचं युरोबिलिनोजेन करण्याचं जिवाणूंचं हे काम नेमकं कोणतं एन्झाइम करतं ते २०२४ मध्ये कळलं. नाव बिलिरुबिन रिडक्टेज, शोध मेरीलँड विद्यापीठातल्या ब्रँटली हॉल यांच्या गटाचा. तान्ह्या बाळांच्या आतड्यात हे एन्झाइम असलेले जिवाणू पहिले काही महिने बऱ्याचदा नसतात. बिलिरुबिन साठून होणाऱ्या नवजात बाळांच्या काविळीला याचा हातभार लागत असावा, असा त्यांचा अंदाज आहे. आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर येणारा तो भडक पिवळा? तो रायबोफ्लेविनचा, म्हणजे जीवनसत्त्व बी-२ चा, या साखळीशी त्याचा काही संबंध नाही.