मदत हवी आहे : ट्रकची पांढरी केबिन गुलाबी पडतेय
नमस्कार मंडळी. १/२४ स्केलचा (खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढा) प्लॅस्टिकचा मॉडेल ट्रक जोडतोय. किटमधलं प्लॅस्टिक लालभडक, आणि मला हवी पांढरी केबिन. इथेच माशी शिंकली.

केबिन साबणाच्या पाण्याने धुतली, राखाडी प्रायमरचा एक हात दिला आणि वरून पांढऱ्या लॅकर (थिनरमध्ये कालवलेला रंग) स्प्रेचे तीन पातळ हात मारले. रात्री झकास दिसत होती. सकाळी बघतो तर छप्पर आणि दारांच्या कडा फिक्या गुलाबी! आधी वाटलं, दिव्याचा उजेड असेल. खिडकीत नेऊन कोरा कागद शेजारी धरला, तर गुलाबीच. चौथा हात मारला, तासाभराने तोही गुलाबी. लॅकरमधलं थिनर प्लॅस्टिकमधला लाल रंग वर ओढून आणतंय, एवढं कळलं. म्हणजे आणखी हात मारणं म्हणजे येरे माझ्या मागल्या.

चंदेरी रंगाचा हात मध्ये दिला की लाल अडतो असं ऐकलंय. तो आहे त्या रंगावरच मारू, की सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात करू? थर वाढले तर दारांच्या फटी आणि रिव्हेट बुजतील ही धास्ती आहे. दाराच्या हँडलाखालची खाच आत्ताच अर्धी भरलीय. उतरवायचंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने लॅकर निघतं का? किती वेळ बुडवून ठेवायचं? की लॅकर सोडून पाण्यात विरघळणारं अॅक्रिलिक एअरब्रशने मारलं तर लाल वर येणारच नाही?

बॉनेट अजून कोरं आहे, त्यामुळे आधी त्यावर करून बघता येईल.