मदत हवी आहे: केमोत आईचे केस गेले, आता डोकं फार हुळहुळतंय

आईला स्तनाच्या कर्करोगासाठी केमो सुरू आहे, त्यातल्या लाल रंगाच्या औषधाचे २ डोस झाले. पहिल्यानंतर १८व्या दिवशी उशीवर केसांचा पुंजकाच दिसला. मग घरीच मशीन फिरवून घेतली. वस्तरा नको, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना कातडी कापली तर जंतुसंसर्ग होऊ शकतो, असं नर्सताईंनी बजावलं होतं.

केसांचं दुःख आईने दोन दिवसांत आवरलं. त्रास आहे तो कातडीचा. नुसता पदर लागला तरी हुळहुळतं, कानामागे बारीक पुरळ, रात्री खाज. सध्या कोमट पाणी, आठवड्यातून दोनदा बाळाचा शाम्पू, सुती अभ्रा, आणि बाहेर पडताना बाबांचा जुना मऊ पंचा. (सोलापूरचं ऊन, काय सांगू!) मावशी कांद्याचा रस लाव म्हणून मागे लागलीय; तो मी स्वयंपाकघरातच ठेवलाय.

पुरळ उद्या डॉक्टरांना दाखवतेच आहे. पण ज्यांनी हे घरी निभावलंय त्यांनी सांगा, साधं खोबरेल चाललं का, की घामाने अजून चिकचिक झाली? केसांचा टोप आतून टोचतो, त्याखाली काय घालता? आणि नवे केस आल्यावर मेंदी किती दिवस टाळली? हे आईने आत्ताच विचारून ठेवलंय.