एकरंगी कापडाची भिंगरी दोन सुतांनी लहान का येते?

धावदोरा, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार. घरात गोधड्या पुष्कळ शिवल्या आहेत, पण नव्या पद्धतीची, फक्त एकरंगी कापडाची रजई प्रथमच करत आहे. रोज एक चौकट शिवून थंडी संपण्यापूर्वी ती पुरी करावी, असा बेत आहे. चौकटीची आकृती भिंगरीची आहे. दोन रंगांचे चौकोन समोरासमोर ठेवायचे, कर्णाच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर शिलाई मारायची, कर्णावर कापायचे आणि अशा रीतीने मिळालेले चार दुरंगी चौकोन जोडायचे. तयार चौकट 12 इंचांची हवी, म्हणून चौकोन 6 इंच 7 सुतांचे कापले (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कडेची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड, धरून चौकट साडेबारा इंच भरायला हवी होती. ती सव्वाबाराच भरली. मधोमध चारही टोके एका बिंदूत मिळत नाहीत आणि तिथे गाठ आल्यासारखा उंचवटा झाला आहे. कापणी दोनदा तपासली, ती बरोबर आहे. शिवाय डाळिंबी आणि मोरपंखी हे दोन्ही रंग सुटे असताना सुरेख दिसत होते, ते शेजारी येताच भिंगरी हरवूनच गेली. माझे नेमके काय चुकते आहे?

दोन सूत माया, पंचवटी

ताई, कापणी बरोबर आहे याचा अर्थ दोष मायेत आहे. तुमच्या प्रत्येक शिवणीत पाव इंचापेक्षा अर्ध्या सुताहूनही कमी कापड जास्त जात असावे. ते नगण्य वाटते. पण चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन तिरप्या शिवणी आणि एक उभी शिवण लागते, उभ्या शिवणीत दोन्ही बाजूंची माया जाते, तिरप्या शिवणीतील चूक तर मापात जवळजवळ दीडपट उतरते, आणि या सगळ्याची बेरीज दोन सुतांवर पोहोचते. छापील कापडात नक्षीच्या गर्दीत हे लपले असते. एकरंगी कापडात दोन रंगांची सीमा म्हणजे आखलेली रेघच असते, तिथे काहीही लपत नाही.

चौकटीवर प्रयोग करू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या उभ्या जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जाते आहे. दोऱ्याची जाडी आणि कापडाची घडी हीसुद्धा थोडे माप खातात, म्हणून शिलाई कडेपासून पाव इंचापेक्षा किंचित कमी अंतरावर धरावी. साध्या मशीनवर प्रेसर फूटच्या, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेवर विश्वास ठेवू नये. सुईपासून अंतर मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावावेत आणि कापडाची कड त्याला टेकवून शिवावे.

दुसरे असे की, चौकोन 7 इंचांचे कापा आणि दुरंगी चौकोन तयार झाल्यावर तो साडेसहा इंचांवर छाटा. छाटताना पट्टीवरची 45 अंशांची रेघ शिवणीवर ठेवा. कापड थोडे वाया जाते, पण मनस्ताप वाचतो.

वाकळ, सिडको

माझ्या आजीने मापाची टेप न लावता वाकळी शिवल्या आणि त्या अजून वापरात आहेत. चौकटी एकसारख्या लहान येत असतील तर सगळ्याच तशा येऊ द्याव्यात. इतका काटेकोरपणा कशासाठी, हे मला खरोखर कळत नाही.

दोन सूत माया, पंचवटी

आजींच्या वाकळीत तुकडा खालच्या सलग कापडावर, कड दुमडून, धावदोऱ्याने बसवलेला असतो. तो सूतभर इकडेतिकडे सरकला तरी शेजारच्या तुकड्याचे काही बिघडत नाही. इथे मात्र खाली आधार नसतो. एक तुकडा दुसऱ्यालाच जोडलेला असतो, त्यामुळे एकाची चूक पुढच्याकडे जाते. सगळ्या चौकटी सारख्याच लहान आल्या तर तुमचे म्हणणे मान्य आहे, पण त्या तशा येत नाहीत.

पन्हा, मेन रोड

कापडाबद्दल दोन शब्द. मॅचिंग सेंटरमध्ये हवी ती छटा मिळते खरी, पण टू बाय टू आणि पॉपलीन एकाच चौकटीत मिसळू नये. एक पातळ, एक जाड, आणि धुतल्यावर दोन्ही वेगवेगळे आटतात. शंका असल्यास काठाचे चार धागे जाळून पाहावेत: सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर असेल तर कडक गोळी राहते. डाळिंबी कापड आधी स्वतंत्र धुवावे आणि ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग जातो का, ते पाहावे. 36 इंच पन्ह्याच्या 80 सेंटिमीटरमध्ये, काठ सोडून, 7 इंचांचे 16 चौकोन आरामात निघतात. एका भिंगरीला प्रत्येक रंगाचे दोन लागतात, म्हणजे आठ चौकटी झाल्या.

तिरपी कड उरेब, म्हणजे ओढली की ताणणारी, असते, म्हणून तिच्यावर इस्त्री फिरवू नये. ठेवावी आणि उचलावी. माया नेहमी गडद रंगाकडे दाबावी, नाहीतर फिक्या कापडाखाली तिची सावली दिसते. भिंगरीत यामुळे समोरासमोरच्या शिवणी एकमेकींत बसतात आणि टोके आपोआप जुळतात. गाठीसाठी, मधल्या शिवणीचे मायेतले दोन-तीन टाके उसवून ती माया चक्रासारखी चार दिशांना पसरवावी.

रंगांचे म्हणाल तर डाळिंबी आणि मोरपंखी हे रंग भिन्न असले तरी त्यांचा गडदपणा सारखाच आहे. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढा, दोन्ही एकच राखाडी दिसतील. डाळिंबीशेजारी अबोली किंवा पिस्ता ठेवून पाहा.

धावदोरा, इंदिरानगर, नाशिक

पट्ट्यांचा प्रयोग केला. मधली पट्टी इंचाला जवळजवळ एक सूत कमी भरली, म्हणजे प्रेसर फूटनेच फसवले होते. चिकटपट्टी लावून, डाळिंबीबरोबर पिस्ता घेऊन नवी चौकट शिवली. ती साडेबारा इंच भरली. मधली गाठ मात्र पहिल्या उसवण्यात नीट पसरली नाही, एक टाका जास्त उसवला गेला आणि तिथे हाताने दोन टाके घालावे लागले. जुन्या मोरपंखी चौकटीचा उशीचा अभ्रा करणार आहे.