मदत हवी आहे : आई-बाबांसोबत ल्युबेक, एक दिवस की मुक्काम?

नमस्कार मंडळी,

मी हॅम्बुर्गमध्ये राहते. मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून येत आहेत आणि त्यांना ल्युबेक दाखवायचंच असं मी ठरवलं आहे. अडलंय ते एवढ्यावरच, की सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं की एक रात्र तिथे राहायचं? रेल्वेने जेमतेम पाऊण तासाचं अंतर, त्यामुळे ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो, मुक्काम कशाला, अर्ध्या दिवसात होतं. मला ते पटत नाही.

कारण सांगते. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. कुठलीही जुनी इमारत दिसली की आधी भिंतीजवळ जातात, सांध्यांवर बोट फिरवतात आणि मग मान वर करून बघतात. आणि ल्युबेक हे सगळं विटांचं शहर. या भागात बांधकामाचा दगड मिळत नाही, माती मात्र मुबलक. त्यामुळे फ्रान्समध्ये जी उंच चर्चं दगडात उभी राहिली, तशी इथल्या व्यापाऱ्यांनी विटांत उभी केली. मारियन चर्चच्या मधल्या कमानी छताची उंची साडेअडतीस मीटर आहे आणि विटांतलं एवढं उंच छत जगात दुसरं नाही. बाबांना तिथून तासाभरात उठवणं मला जमणार नाही आणि उठवायचंही नाही.

आईचं वेगळं. तिचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालते, पण दगडी फरसबंदी आणि चढ-उतार आले की त्रास होतो. मी मागे गेले होते तेव्हा लक्षात आलं, की जुनं शहर म्हणजे त्राव नदी आणि कालव्यांनी वेढलेलं बेट आहे, मधला भाग उंच आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पाण्याकडे उतरत जातात. नकाशात हे कळत नाही. आई गाणं शिकलेली आहे, रोज तंबोरा लावून बसते, त्यामुळे चर्चमधला ऑर्गन तिला ऐकवायची फार इच्छा आहे. आणि ती अंडंही खात नाही.

माझ्या यादीत सध्या आहे : होल्स्टेनटोअर (शहराची जुनी वेस), त्याच्या शेजारची मिठाची कोठारं, मारियन चर्च, नगरभवन, हान्से (मध्ययुगीन व्यापारी शहरांचा संघ) संग्रहालय, पवित्र आत्म्याचं इस्पितळ, बोळ आणि त्यांच्या आतली अंगणं, मार्झिपानचं दुकान. शिवाय समुद्र. हे सगळं एका दिवसात कोंबणं मला आई-बाबांवर अन्याय वाटतो. यातलं काय ठेवावं, काय सोडावं? कुठून सुरुवात केली तर आईला चढ लागणार नाही? आणि राहायचं तर बेटावरच की स्टेशनजवळ? कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद : त्रावकाठ

मुक्काम करा, आणि बेटावरच करा. दिवसाचे प्रवासी संध्याकाळच्या गाड्यांनी परतले की शहर रिकामं होतं. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि तिरप्या उन्हात विटांचा रंग पार बदलतो. तुमच्या बाबांना हीच वेळ हवी.

चढाचं उत्तर सोपं आहे : वरून सुरुवात करा. स्टेशनहून बस किंवा टॅक्सीने थेट कोबेर्ग चौकात उतरा. तिथेच पवित्र आत्म्याचं इस्पितळ आहे, 1286 सालचं. श्रीमंत व्यापाऱ्यांनी म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी बांधलेलं. आतल्या लांबलचक दालनात लाकडी खोल्यांच्या ओळी आहेत, एक माणूस, एक पलंग, एक छोटं कपाट मावेल एवढ्याच. त्यांत 1970 पर्यंत वृद्ध माणसं राहत होती. आपल्या आई-वडिलांसोबत तिथे उभं राहिल्यावर जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही, पण ही जागा अजिबात वगळू नका. तिथून क्योनिग श्ट्रासेने मारियन चर्चपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे. वाटेत पश्चिम जर्मनीचे माजी चान्सलर विली ब्रांट यांचं संग्रहालय लागतं. ते याच शहरात जन्मले, 1971 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. प्रवेश मोफत आहे आणि आईंना टेकायलाही बरं.

मारियन चर्चमध्ये दक्षिणेकडच्या मनोऱ्याखाली बघायला विसरू नका. 28 मार्च 1942 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, चर्च पेटलं आणि वरच्या घंटा खाली कोसळल्या. त्या फुटून, चेपून जिथे पडल्या तिथेच आजही ठेवल्या आहेत. फरशीत रुतलेलं ते कास्य जवळून बघताना आजूबाजूचे सगळेच लोक गप्प होतात.

आईंना बाख या थोर जर्मन संगीतकाराची गोष्ट जाण्याआधी सांगून ठेवा. 1705 मध्ये विशीतला बाख आर्नश्टाटहून सुमारे चारशे किलोमीटर चालत इथे आला, तो मारियन चर्चच्या बुक्स्टेहुड या ऑर्गनवादकाला ऐकायला. रजा काढली होती चार आठवड्यांची, राहिला चार महिन्यांच्या आसपास. गुरूच्या शोधात पायपीट करणारे गवई आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे त्यांना हे लगेच भिडेल. ऑर्गनच्या कार्यक्रमाची वेळ चर्चच्या संकेतस्थळावर बघून त्याभोवतीच दिवस आखा. बाकी सगळं पुढे-मागे करता येतं.

बाबांसाठी दोन गोष्टी. भिंतींची जुळणी बघायला सांगा : उत्तर जर्मनीच्या मध्ययुगीन बांधकामात बऱ्याचदा दोन स्ट्रेचर (लांब बाजू दिसणाऱ्या विटा) आणि मग एक हेडर (आखूड बाजू दिसणारी वीट) असा क्रम सापडतो. विटाही आजच्यापेक्षा लांब आणि जाड. नगरभवनाच्या उंच दर्शनी भिंतीला मोठी गोल भोकं ठेवली आहेत, वाऱ्याचा जोर भिंतीवर येऊ नये म्हणून. दुसरी गोष्ट होल्स्टेनटोअर. 1464 ते 1478 दरम्यान बांधलेलं हे दार दलदलीच्या जमिनीवर उभं आहे, म्हणून बुरूज खचून कललेत. पाया कसा सावरला यावर बाबा तुम्हालाच व्याख्यान देतील. 1863 मध्ये ते पाडायचं की ठेवायचं यावर मतदान झालं आणि केवळ एका मताने ते वाचलं.

हान्से संग्रहालय मी मात्र सोडून देईन. उत्तम आहे, पण नीट बघायला तीन तास लागतात. आईंच्या पायांची ताकद तिथे खर्च करू नका. त्याऐवजी होल्स्टेनटोअरजवळून निघणारी बोट घ्या. तासाभरात बेटाला फेरी होते, बसल्या बसल्या.

प्रतिसाद : अल्स्टरवासी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. थोडी भर घालतो. तिघांसाठी रेल्वेचं श्लेसविग-होल्स्टाइन तिकीट (ल्युबेक ज्या राज्यात आहे त्याचं एका दिवसाचं तिकीट) काढा. पाच जणांपर्यंत चालतं, हॅम्बुर्गहूनही चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. रविवारी दुकानं बंद असतात आणि सोमवारी काही संग्रहालयं, तेव्हा शक्य असेल तर आठवड्याच्या मधले वार निवडा.

मार्झिपानचं नीडरएगर नगरभवनासमोरच आहे, 1806 पासूनचं. मार्झिपान म्हणजे बदाम आणि साखर, आपल्या बदामाच्या वडीच्या जवळचंच, आईंना आवडेल. कॅफेतल्या केकमध्ये मात्र अंडं असतं. त्यांच्यासाठी सुटं मार्झिपान घ्या आणि वेष्टनावरचे घटक वाचून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुक्काम पक्का, कोबेर्गपासून सुरुवात पक्की. हान्से संग्रहालय सोडायला जीव होत नव्हता, पण तुमचं म्हणणं बरोबर आहे.

अजून दोन शंका. बोळांत आईला नेता येईल का? आणि समुद्रासाठी त्रावेम्युंडे दुसऱ्या दिवशी जमेल का?

प्रतिसाद : त्रावकाठ

सगळे बोळ नका करू. काहींची तोंडं इतकी बुटकी आहेत की वाकून जावं लागतं. ग्लोकनगीसर श्ट्रासेवरचा फ्युख्टिंग्सहोफ बघा. व्यापारी आणि खलाशांच्या विधवांसाठी सतराव्या शतकात बांधलेलं अंगण आहे, दार प्रशस्त आहे. लोक अजूनही तिथे राहतात, म्हणून दिवसाच जा, हळू बोला, खिडक्यांचे फोटो काढू नका.

त्रावेम्युंडे नक्की जमेल. ल्युबेकहून लोकलने वीस-पंचवीस मिनिटं, शेवटच्या स्टेशनवर उतरा, समुद्र समोरच. फिरायचा रस्ता सपाट आहे आणि जागोजागी बाकं आहेत. बाल्टिकचा वारा मे महिन्यातही बोचतो, आईंसाठी स्वेटर आणि कानाला स्कार्फ हवाच. पलीकडच्या काठावर पासाट नावाचं चार डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज उभं आहे, 1911 चं. आई बाकावर निवांत बसल्या की बाबांना घेऊन छोट्या फेरीबोटीने तिकडे जाऊन या.