अनुभव धागा : तुमच्या शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं?

धुळ्यात गोंदूर विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून विमानं बघण्यात माझं लहानपण गेलं. पुढे त्याच कुंपणाच्या आत शिकायला मिळालं. जे. आर. डी. टाटा ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकले आणि १९२९ साली वैमानिक झाले, त्या क्लबाची विमानं आता आमच्या गोंदूरवरून उडतात, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, कितीतरी वेळ काही बोलले नव्हते.

आपल्या खान्देशात आता वैमानिक बरेच झालेत. गोंदूर आहे, शिरपूरजवळ तांडे शिवारात धावपट्टी आहे, जळगावचं विमानतळ आहे. काही जण परदेशात शिकून तिकडेच उडवतात. पण आपण भेटलो की बोलतो ते उड्डाणाच्या तासांबद्दल, परीक्षांबद्दल, नोकऱ्यांबद्दल. आपण कुणाला वर नेलं, त्यांनी वर काय पाहिलं, याबद्दल कुणी बोलत नाही. शिकाऊ परवान्यावर प्रवासी नेता येत नाही. पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना, झाला की नेता येतो, तोही पैसे न घेता. म्हणजे तो पहिला प्रवासी आपण स्वतः निवडलेला असतो. त्याच्याबद्दल लिहा. मोठं लिहा, छोटं लिहा, चालेल. सुरुवात मी करते.

माझे आजोबा साक्री तालुक्यात पांझरेच्या एका बंधाऱ्यावर पाटकरी होते. फड पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा ऊस या फडात, तर पुढच्या पाळीला दुसऱ्या फडात. कुणाच्या वावरात किती वेळ पाणी जाईल ते पाटकरी बघतो, आणि त्याचा शब्द गाव मानतं. कित्येक शतकं हे असं चालत आलं. आप्पा लहानपणी आजोबांबरोबर रात्री कंदील घेऊन पाटावरून चालायचे.

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना, झाल्यानंतरच्या जानेवारीत परवानगी काढून मी आप्पांना नेलं. वजन विचारलं होतं, कारण चार सीटच्या विमानात माणसं आणि इंधन यांचा हिशेब काटेकोर लागतो. आप्पा गावच्या जिनिंगच्या काट्यावर जाऊन वजन करून आले आणि चिठ्ठीच माझ्या हातात दिली. सकाळी सातला विमानाची तपासणी करताना पंखाखालून इंधनाचा नमुना काढला. त्यात पाणी उतरलंय का ते बघायचं असतं. ती छोटी पारदर्शक नळी उजेडात धरली तर आप्पा जवळ आले. म्हणाले, "रेशनचं रॉकेल?" ॲव्हगॅसचा, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलचा, रंग निळाच असतो, अगदी तसाच. आमच्या किराणा दुकानात आप्पांनी वीस वर्षं रॉकेल मोजून दिलं. त्यांनी नळी हातात घेतली, वास घेतला आणि मान हलवली. रॉकेल नाही, हे त्यांना वासावरून कळलं.

वर गेल्यावर पहिल्यांदा धुळं दिसलं. आग्रा रोड आणि त्याला समांतर सरळसोट गल्ल्या, पहिली, दुसरी, तिसरी, पट्टीने आखल्यासारख्या. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने हे नवं धुळं आखलं असं शाळेत शिकलो होतो, पण ती आखणी मला स्वतःला त्या दिवशी कळली. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना नदी हवी होती.

पांझरा धरून पश्चिमेला निघालो. थंडीतली हवा इतकी स्थिर होती की हात सोडले तरी विमान हललं नसतं. आणि मग ते दिसलं. हिरव्याचे तीन वेगळे रंग, प्रत्येक सलग, मध्ये बांधाची एक रेघ. गडद तो ऊस, पोपटी तो गहू. आणि या सगळ्याच्या वरच्या अंगाने, टेकडीच्या कडेकडेने वळत गेलेला पाट, सकाळच्या उन्हात चमकणारा. मी विमान त्यांच्या बाजूला कलतं केलं आणि वळण धरून ठेवलं. आप्पांनी काचेवर बोट टेकवलं आणि पाटाबरोबर ते बोट सरकवत राहिले. हेडसेटमध्ये त्यांचा आवाज आला, "इतला वरीस चालनू, पन पाट असा वळस हाई आज दिखनं."

मी तीन वळसे घातले. चौथा घालायला इंधन होतं, पण वेळेत परत पोचणार असं मी सांगून आले होते. तो चौथा वळसा अजून मनात राहिलाय.

काचेवरचा बोटाचा ठसा मी त्या दिवशी पुसला नाही. नंतर ज्याची पाळी होती त्याने पुसला असेल.

शिरपूरहून, प्रशिक्षक

माझे भूगोलाचे सर. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर नकाशा काढून शिकवलं की तापी खचदरीतून वाहते, म्हणून ती पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना शब्द दिला होता.

पहिल्यांदा ते आले ते मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत नातवाला घेऊन. सावलीत ४४ अंश. एवढ्या उष्णतेत हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. धावपट्टीवर जास्त धावावं लागतं आणि चढण मंद होते. आम्ही तिघे, वर इंधन. मी आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि सरांना सांगितलं की आज नाही. नातू रडला. सर म्हणाले, "गणित तसं सांगत असेल तर तसंच." एवढा मान मला कुणी दिला नसेल.

ते पुन्हा आले पावसाळा सरता सरता, एका धुतलेल्या सकाळी. उत्तरेला सातपुडा अक्षरशः भिंतीसारखा उभा. ही डोंगररांग इतकी सरळ आहे हे खालून समजत नाही. दक्षिणेला तापी, रुंद, गढूळ. आणि मधल्या नाल्यांमध्ये शिरपूर पॅटर्नचे बंधारे एकाखाली एक भरलेले, माळेत ओवल्यासारखे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल आणि रुंद करून हे साठे उभे केले, त्याचा कागदावरचा आराखडा सरांनी मुलांना दाखवला होता. आता प्रत्येक साठ्याभोवती हिरवं वर्तुळ दिसत होतं. सर ते मोजत होते. मोठ्याने, मुलांना मोजायला लावतात तसे. सव्वीसपर्यंत मी ऐकलं, मग टॉवरशी बोलावं लागलं.

उतरल्यावर त्यांनी माझ्या वहीत शेवटच्या पानावर पेनाने एक रेघ ओढली, सातपुड्याची. खाली तापीची. मग मधला उतार. "एकतीस वर्षं हा उतार मी जास्त तिरका काढला," म्हणाले.

अमळनेर

थोडंसंच लिहितो. माझे जिभाऊ भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांना एकदा सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीत, नेलं, दहा मिनिटांचंच. उतरताना धावपट्टीला चाकं टेकायच्या आधी विमानाचा वेग अगदी कमी होतो आणि सेसना १७२ मध्ये स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना देणारा आवाज येतो. नवा माणूस दचकतो, म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं. जिभाऊ दचकले नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "ही पट्टी पेटीचीच आहे. कुठे बसवलीय?"

मी त्यांना पंखाच्या पुढच्या कडेला असलेलं छोटं भोक दाखवलं. पंखावरून हवा सुटू लागली की त्या भोकातून हवा ओढली जाते आणि आतली धातूची पट्टी वाजते. वीज लागत नाही. जिभाऊंनी वाकून त्या भोकाला तोंड लावलं आणि श्वास आत ओढला. वाजलं! हँगरमधले मेकॅनिक बघायला आले. जिभाऊ गेले त्याला चार वर्षं झाली. माझ्या प्रत्येक लँडिंगला तो सूर वाजतो.

मूळ यावल तालुका, सध्या अमेरिकेत इलिनॉय

आई पहिल्यांदा आली तेव्हा भाड्याने विमान घेऊन तिला मक्याच्या शेतांवरून फिरवलं. इथे जमीन मैल-मैलाच्या चौकोनात आखलेली आहे, रस्तेही त्याच चौकोनांवर. क्षितिजापर्यंत तेच. आमच्याकडे केळीच्या बागा, मधून लिंब, विहिरीवर आंब्याचं झाड, असं तुकड्यातुकड्याने बघायची सवय. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बांधच नाही रे इथं. लिंबाचं झाड मग लावता कुठी?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर त्या शेतांवरून उडताना मी अजूनही एकटं झाड शोधतो. एक सापडलंय, एका जुन्या कोठाराजवळ.

धुळे

एक चूक लिहायची आहे, म्हणजे नवीन पोरं ती करणार नाहीत. पीपीएल हातात आल्याच्या आनंदात मी धाकट्या बहिणीला एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता वर नेलं. काळी जमीन तापली की तिच्यावरून गरम हवेचे लोट उठतात. नदीवर, झाडीवर तेच विमान खाली ओढलं जातं. मला त्याची सवय झाली होती, तिला नव्हती. पाचव्या मिनिटाला ती पांढरी पडली. उलटीची पिशवी मागच्या सीटच्या खिशात होती, तिचा हात पोचेना. मी लगेच परत फिरलो, तरी उतरेपर्यंत बारा मिनिटं गेली. त्या बारा मिनिटांत तिने माझी बाही धरून ठेवली होती. ती पुन्हा कधी बसली नाही आणि मी आग्रहही केला नाही. कुणाला पहिल्यांदा नेणार असाल तर सकाळी आठच्या आत न्या. पिशवी त्यांच्या हातात द्या.

जळगाव (मी वैमानिक नाही, चालेल ना?)

उडान योजनेत २०१७ च्या डिसेंबरात जळगावहून मुंबईला छोटं विमान सुरू झालं. बीचक्राफ्ट, जेमतेम १८-१९ जागा. दोन्ही बाजूंना एकेकच सीट, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. सासूबाईंना तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं, रात्रभर रेल्वेत बसवत नव्हतं. पुढे वैमानिकांची पाठ दिसत होती, त्यांचे हात, घड्याळांचे काटे. सासूबाई सगळा प्रवासभर त्या हातांकडे बघत होत्या. उतरताना त्या वैमानिकाने जिन्याशी उभं राहून त्यांचा हात धरला आणि विचारलं, "आजी, घाबरल्या नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "तू एकदाही मागे पाहिलं नाहीस, मग मी कशाला घाबरू?"

शिंदखेडा तालुका

जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले. जखमी प्रशिक्षणार्थी मुलीला गावातल्या माणसांनी साडीची झोळी करून चिखलातून बाहेर आणलं. ती बातमी आमच्या घरी टीव्हीवर लागली तेव्हा मी शिकत होतो. आई त्या रात्री जेवली नाही. पण शिक्षण सोड असंही म्हणाली नाही.

माझं पूर्ण झाल्यावर मी विचारलं, बसशील? दीड वर्ष ती नाही म्हणाली. मग एका फेब्रुवारीत स्वतःहून तयार झाली. पदर कमरेला घट्ट खोचून, अंबाड्यावरून हेडसेट बसेना म्हणून केस मोकळे सोडून वेणी घालून आली. सुरू करायच्या आधी तिने विचारलं, "इंजिन बंद पडनं ते?"

मी खोटं सांगितलं नाही. इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. तीन हजार फुटांवर असलो आणि वारा नसला तर साधारण आठ किलोमीटर जाता येतं. तेवढ्यात एखादं मोकळं वावर निवडायचं आणि तिथे उतरवायचं. आम्हाला हेच पुन्हा पुन्हा करायला लावतात.

तिने ऐकून घेतलं. आणि वर गेल्यावर ती कामाला लागली. मी तिला मुडावदचा संगम दाखवत होतो, पांझरा तापीला मिळते ते कपिलेश्वराचं देऊळ. तिने हात जोडले, पण नजर वावरांवर. "तो हरबरा काढेल शे, तठे उतर." मी म्हटलं, हो, चांगलं आहे. पुढे गेलो. "तठे नको, पऱ्हाट्या उभ्या शेतस." मी विमानातून कपाशीची उभी झाडं ओळखायला सहा महिने घेतले होते. एका सपाट, काळ्याभोर तुकड्याकडे मीच बोट दाखवलं, सरांनी शिकवलं तसं: लांब, सलग, विजेच्या तारा नाहीत. आई म्हणाली, "नको. कांदाले रातले पानी भरेल शे. चाक रुती जाई."

मी खाली जाऊन नीट पाहिलं. काळा रंग शेजारच्या वावरापेक्षा किंचित जास्त गडद होता, बस एवढंच. माझ्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं.

चाळीस मिनिटं आम्ही उडालो आणि त्या सगळ्या वेळात असा एकही क्षण नव्हता की आईने उतरायला एक वावर हेरून ठेवलं नव्हतं. परतीला मी ते आधी ओळखायचा प्रयत्न करत होतो. दोनदा जमलं.

उतरलो, इंजिन बंद केलं, पंखा थांबला. तिने हेडसेट काढून माझ्या हातात दिला, वेणी सोडून पुन्हा अंबाडा बांधला. मग म्हणाली, "घर जाता जाता त्या कांदास्पन थांबजो. कोनं वावर शे ते इचारू. पानी जास्त व्हयेल शे, सडी जातीन."